डावा आरसा

२ जानेवारी, शुक्रवार

डावा आरसा पुन्हा गेला. तुळिंज रोडला, भाजीवाल्यांपुढे. बाइकवाला डावीकडून असा उगवला, जसा जमिनीतूनच आला. हेल्मेट कोपरात अडकवलेलं – हल्ली लोक कोपराला फार जपतात. थांबून मलाच म्हणाला, "काका, बघून चालवा ना जरा." मी त्याला दुकानाचं कार्ड दिलं. त्याच्या सायलेन्सरच्या आत काहीतरी सुटलंय, आवाजावरून कळलं. महिन्याभरात येईल.

आरसे माझ्याच दुकानात मिळतात. दुःख करायचं कारण नाही.

४ जानेवारी, रविवार

नंदाखालला, गॅब्रिएलकडे. वाडीत केळींमागच्या छपराखाली त्याच्या बापाची फियाट अजून आहे. वर ताडपत्री, आत कोंबडी. मागच्या सीटवर तिने संसार मांडलाय.

खेड सोडून आलो तेव्हा याच छपराखाली बसून मी रिक्षांची हुडं शिवली. जागा म्हाताऱ्याने दिली, दुपारचं कालवण-पावही त्याच घरचं. पुढे तुळिंजला दुकान टाकलं. सीट कव्हरांपासून सुरुवात केली, आता गाडीला जे जे लागत नाही ते सगळं विकतो. गॅब्रिएलच्या मुलीच्या, एलिसाच्या, बाप्तिस्म्याला त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून फियाट मी चालवली. चर्चपाशी उतरताना म्हातारा म्हणाला, "जयवंता, हिच्या लग्नालाही तूच चालवायची."

म्हातारा गेला. एलिसाचं लग्न ३१ तारखेला आहे. गॅब्रिएलने चावी माझ्या हातात ठेवली. मी कोंबडीला नोटीस दिली.

गाडीला डावा आरसा नाहीच. तेव्हा उजवाच यायचा. म्हातारा म्हणायचा, डावीकडचं देव बघतो.

७ जानेवारी, बुधवार

आजची गिऱ्हाइकं. पहिल्याला मागच्या काचेवर नावं हवी होती – आई, बाबा, बायको, दोन मुलं, कुलदैवत, वर गावाचं नाव. मी म्हटलं, काच भरली, मागचं दिसणार कसं? तो म्हणाला, "मागे बघून काय करायचंय?" नावं चिकटवून दिली.

दुसऱ्याला पांढरे दिवे हवे होते, सगळ्यात कडक. हे दिवे मी दिवसा लावून देतो आणि संध्याकाळी त्यांनाच शिव्या देतो. धंद्यात दोन्ही करावं लागतं.

तिसऱ्याला रिव्हर्सची धून बदलायची होती. त्याची गाडी मागे येताना आरती म्हणते. सोसायटीचा दूधवाला रोज कॅन खाली ठेवून हात जोडतो. गाडीवाला म्हणाला, मलाच संकोच व्हायला लागला. नवी कुठली, विचारलं तर बाळाच्या हसण्याची. आता दूधवाला काय करेल बघायचं.

विकतो सगळं. माझ्या गाडीला यातलं काही नाही. आरसा सोडून – तो सारखा बदलतो.

९ जानेवारी, शुक्रवार

सरळ जायचं असेल तर चारी इंडिकेटर लावायचे, हे कोणी शिकवलं? मग उजवीकडे जाताना काय लावतात? काहीच नाही!

११ जानेवारी, रविवार

रायन आला. एलिसाचा नवरा होणारा, विरारचा, मुलगा चांगला. मोबाइलमध्ये फोटो घेऊन आला. फियाटच्या पोटाखाली निळा उजेड हवा. हॉर्नमध्ये गाणं हवं. आणि दारं वर उघडायला हवीत, पंखांसारखी.

मी नाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, दमवायचं असतं. दार वर गेलं की नवरीच्या डोक्यावरची जाळी त्यात अडकेल, जाळी वर जाईल आणि नवरी खाली राहील, एवढं समजावलं. निळ्या उजेडात पांढरा झगा टीव्हीतल्या भुतासारखा दिसतो, हेही. शेवटी अत्तराच्या एका बाटलीवर आला. मोगऱ्याची दिली. त्याच्या सासऱ्याच्या वाडीत मोगऱ्याचे वाफेच्या वाफे आहेत, पण बाटलीत घातला की मान मिळतो.

सीट मात्र मी स्वतः शिवतोय. मेंदी रंगाचं रेक्झिन. हात अजून विसरला नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सोसायटीच्या पार्किंगमधला खांब डावीकडून गाडीला घासला. इतकी वर्षं तिथेच उभा आहे, आजच का ते कळलं नाही.

मनोरमा शेजारी बसली होती. उतरल्यावर, मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, दर वेळी डावाच कसा?"

मी म्हटलं, उजवीकडे मी असतो, लोक घाबरतात.

ती हल्ली गाडीत बसली की कंडक्टरसारखी बोलत राहते. बाइक. माणूस. गाय. रिक्षा. आचोळ्यापासून स्टेशनपर्यंत सगळ्या प्राण्यांची हजेरी. याहून मोठा त्रास मी रस्त्यावर पाहिला नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

जागृती म्हणून एक मुलगी आली, गाडी नवी, हात नवा. आरशावर चिकटवायचे छोटे गोल आरसे बसवून दिले. हे काम मी कारागिरावर सोपवत नाही. गिऱ्हाइकाला सीटवर बसवायचं, समोर बघायला सांगायचं आणि आपण मागून गाडीच्या कडेकडेने पुढे चालत यायचं. दिसतो का? दिसतो. दिसतो का? दिसतो. मग एका जागी ते म्हणतात, नाही दिसत. प्रत्येक गाडीला अशी एक जागा असते, अख्खा माणूस तिथे हरवतो. गोल आरसा तेवढ्यासाठीच.

जागृतीला तीन वेळा करून दाखवलं. म्हणाली, "काका, तुम्ही इथे उभे होतात आणि मला पत्ताच नव्हता!" सगळेच असं म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं.

१८ जानेवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

फियाट चालू झाली. इंजिनाचा आवाज म्हाताऱ्याच्या घशासारखा – आधी खाकरतं, मग बोलतं. एलिसा म्हणाली, काका, एक चक्कर मारू. ती शेजारी बसली. नंदाखालचे रस्ते म्हणजे दोन वाड्यांमधल्या फटी. हळूच चाललो होतो. डावीकडे चपलांचा आवाज ऐकू आला, पण दिसलं कोणी नाही. वाटलं कुंपणापलीकडे असेल कोणी.

एलिसाने स्टीअरिंगला हात घालून गाडी उजवीकडे ओढली.

चर्चमधल्या मिस्साहून परतणारी एक म्हातारी. हाताच्या अंतरावर. लाल लुगडं नेसलेली. लाल! एवढं लाल दुसरं काही या रस्त्यावर नव्हतं. तिने तिच्या बोलीत मला जे सुनावलं ते सगळं कळलं. बरोबरच होतं.

परत येताना गाडी एलिसाने चालवली. बापाचा फुलांचा टेम्पो ती कॉलेजपासून चालवते, पण स्टीअरिंगवरचा गिअर तिने कधी पाहिला नव्हता. एकदाही कुरकुरला नाही.

छपराखाली गाडी लावली आणि मला म्हणाली, "तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा. समोर बघा. मी मागून चालत येते, दिसले की सांगा."

माझंच काम माझ्यावर! मी बसलो. ती डावीकडून चालत आली. खाली वाळलेली केळीची पानं, प्रत्येक पाऊल ऐकू येत होतं. मागचं चाक, मागचं दार. पुढच्या दाराशी आली तेव्हा मी म्हटलं, दिसलीस. ती थांबली. मग तिने चपला काढल्या, पानं पायाने बाजूला केली आणि पुन्हा मागे गेली.

या वेळी बराच वेळ काही नव्हतं. केळी, कुंपण, बॉनेट. मग अचानक एलिसा. मी म्हटलं, दिसलीस. ती पुढच्या चाकाच्याही पुढे उभी होती. सुरुवातीला हसत असावी. मला दिसली तेव्हा हसत नव्हती.

"बाबांना मी सांगणार नाही, काका. तुम्ही सांगा," म्हणाली.

१९ जानेवारी, सोमवार

दुकानातून लवकर घरी आलो. मनोरमाला वाटलं पित्त झालं. आल्याचा रस दिला. प्यायलो.

२१ जानेवारी, बुधवार

वसईला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मोतीबिंदू असावा अशी इच्छा होती, तो काढता येतो. एका पांढऱ्या घुमटात डोकं घालायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मशीन आतून बारीक टिकटिकतं. मी दोन-चारदा आवाजावर बटण दाबलं. बाई म्हणाल्या, "कानांची परीक्षा नाहीये ही."

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. कडा आधी जातात, दुखत नाही, कळत नाही. गेलं ते परत येत नाही. उरलेलं राखायला रोज थेंब. मी विचारलं, गाडी? त्या म्हणाल्या, गाडी आता नको. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत? त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

म्हणजे ते बाइकवाले जमिनीतून उगवत नव्हते. रीतसर रस्त्यानेच येत होते.

मनोरमा बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, थेंब मी घालीन, तुम्ही अर्धे गालावर सांडाल. एवढंच. रिक्षा तिने थांबवली.

२३ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर हिशोब मांडतोय. गॅब्रिएलच्या घरापासून चर्च म्हणजे चालत गेलं तरी घाम येत नाही. पुढे बँड असतो, बँडच्या मागे गाडी बैलासारखी चालते. बँडच्या वेगाने कोणी मेलेलं ऐकिवात नाही. रस्त्यावर सगळी घरचीच माणसं, बाजूला होतील. कान आहेतच. म्हाताऱ्याला शब्द दिलाय. एकच दिवस. मग चावी कायमची ठेवून देतो.

सगळं जमत होतं. मग एक गोष्ट लक्षात आली. लग्नाच्या दिवशी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या नवरी बघायला रस्त्यावर उभ्या राहतील. दोन्ही बाजूंना लाल लुगडी. डावीकडेही.

आणि बँड वाजत असेल. चपला ऐकू येणार नाहीत.

२५ जानेवारी, रविवार

गॅब्रिएलला सांगितलं. तो केळीचे घड उतरवत होता. उतरवत राहिला. म्हातारीचं, डॉक्टरीणबाईंचं, सगळं सांगून झालं. मग कोयता खोडात रोवून म्हणाला, "जगाला आरसे विकतोस आणि स्वतःला एक लावला नाहीस होय रे?"

मी म्हटलं, होय.

हात पुसून म्हणाला, "शब्द तू बापाला दिला होतास, मला नाही. त्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ." मग आत जाऊन दोन ग्लास घेऊन आला. केळीच्या भावावर बोललो.

असं ठरलं: भाड्याची पांढरी गाडी येईल, ड्रायव्हरसकट. फियाट अंगणात फुलं लावून उभी राहील, पाहुण्यांना फोटो काढायला. रायन फोनवर म्हणाला, मग निळा लाइट टाकूया का, उभीच तर राहणार आहे. मी म्हटलं, टाक. आज दमवायला ताकद नव्हती.

२७ जानेवारी, मंगळवार

रिक्षाने दुकानात. सीट माझ्या हातची, टाका ओळखला. त्यामागे मात्र दोन मोठे स्पीकर, बसवणारा दुसरा कोणीतरी. कानाचं भजं झालं. रिक्षावाला डावीकडे न बघता वळला. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, सवय आहे."

हो. मलाही होती.

३० जानेवारी, शुक्रवार

फियाट तयार. रंग दुधावरच्या सायीसारखा, सीट मेंदी. निळी पट्टी रायनने आणून दिली होती, ती चुकून घरी राहिली. डावा आरसा मात्र बसवला. उभ्या राहणाऱ्या गाडीला आरसा कशाला, गॅब्रिएलने विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

एलिसा अंगणात आली, नखं रंगवलेली, आरशात बघून गेली. चावी माझ्याच खिशात आहे. परत करायची राहिली.

३१ जानेवारी, शनिवार

भाड्याची गाडी आली होती. एलिसाने ड्रायव्हरला जेवायला पाठवलं. झग्याचा सगळा घोळ गुडघ्यांवर गोळा करून फियाटमध्ये उजवीकडे बसली आणि हात पसरला. "चावी द्या काका. तुम्ही इकडे बसा. तुमचं काम संपलेलं नाही."

गॅब्रिएल मागे एकटाच बसला, नवरीसारखा.

मी डावीकडे. काच खाली करून कान बाहेर ठेवला. चर्च येईपर्यंत कंडक्टरसारखा बोलत होतो – सायकल. पोरं. म्हातारी. अजून एक म्हातारी. बँडवाल्यांना तिने मागे ठेवलं होतं, मला ऐकू यावं म्हणून.

डावा आरसा शाबूत आहे.