रोलमधला उरलेला फोटो

वाटूर, गुरुवार, दिवेलागण

लेकानं आज ह्यांच्यासाठी नवा कॅमेरा आणला, बिनरोलचा. नातवंडं नाचून राह्यली. माझ्या जिवाला मात्र दुपारपासून एकच लागलेलं. हे लोकांच्या लग्नाचे फोटो काढून आले की ह्यांच्या रोलमध्ये एखादा फोटो उरायचा. रोल संपल्याबिगर जालन्याला धुवायला देता येत नव्हता. मंग हे हाक मारायचे, "अगं, ये जल्दी, रोल संपवायचाय." मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून पळायची. माझे सगळे फोटो तसलेच, पिठाच्या हातांचे.

आता रोलच न्हाई, तर उरणार काय? मला कोण बोलावील? या वयात असलं कुणाला सांगावं तरी कसं.

सांजच्याला ह्यांनी कॅमेरा हातात घेतला, नातवंडांना बाजूला सारलं. म्हणले, "अगं, ये."

"आता काय संपवायचंय?" मी म्हणलं.

"आता उरत न्हाई काही. म्हणून आधी तुझाच."

मी हात धुवायला निघाले.

"राहू दे पीठ. बराबर हाये."

मंग लई वेळ बघत राह्यले कॅमेऱ्यातून. मीबी बसून राह्यले.

लेकानं कॅमेऱ्याच्या मागं फोटो दाखवला. पीठ दिसतंय हातावर. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी घाईत न्हाई.