इंजिनाबद्दल बाबांनी बोलायचं नाही

७ जून, शनिवार

गेली! हीपण गेली. बाबांमुळे.

ऑकलंडच्या पापाकुरातली लाल दोन दारांची गाडी. इंजिन जाम, बाकी अंग ठणठणीत – मला हवी तश्शी. मालकाला सुटका हवी होती. मी सुतकी चेहरा करून गाडीभोवती फिरत होते. "इंजिन तर मेलंय... गंजही असणार..." माणूस किंमत उतरवणार, एवढ्यात बाबा म्हणतात, "गंज कुठाय, सेइनी? झकास आहे गाडी! आणि इंजिन तू फेकूनच देणार आहेस ना? मोठं इंजिन आहे आमच्या घरी!"

मालकाचे डोळे चमकले. किंमत जागच्या जागी वर.

येताना मी तोंड फुगवलेलं. बाबा म्हणाले, "खोटं बोलून घेतलेल्या गाडीचे ब्रेक वेळेवर लागतील का?"

चर्चमध्ये बाबांच्या प्रवचनाला बायका रडतात. मला ते शनिवारीच रडवतात.

८ जून, रविवार

जेवायला आत्या. अळूच्या पानांतलं मटण, आणि तोंडी लावायला मी.

"लोकांच्या मुली घरी नवरा आणतात," आई म्हणाली, "आमच्या मुलीनं काय आणलंय ते मागच्या व्हरांड्यात बघा!"

आत्यांनी बघितलं. चटईखाली आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, वर धुण्याची टोपली. अपघातात चेपलेल्या ट्रकमधून काढलंय. बस डेपोतली ड्यूटी संपवून मीच उघडलं, घासलं, पुन्हा बांधलं. दोन वर्षं गेली त्यात. आता फक्त त्याला घर हवंय – हलकी गाडी, मागच्या चाकांवर चालणारी, न गंजलेली. तिचं स्वतःचं इंजिन कसंही असो, मला काय करायचंय!

पण ऑकलंडमधला प्रत्येक जण मला इंजिनच विकायला बसलाय. "इंजिन म्हणजे लोणी आहे हो!" असेल. खालच्या पत्र्यातून रस्ता दिसतोय त्याचं काय?

११ जून, बुधवार

आज एक पाहिली. लोहचुंबक लावलं. कुठेच चिकटेना. पत्रा कुठला, अख्खी गाडी पुट्टीची!

१४ जून, शनिवार

मिळाली. आणि कशी मिळाली ते लिहायला हात धजत नाही.

पुकेकोहे. ॲल्विन पर्डी नावाचे म्हातारे, कांद्याच्या शेतांपलीकडे एकटेच राहतात. निळी गाडी कोरड्या शेडमध्ये जपून ठेवलेली. "हिच्यात बसता येतं, पण उठता येत नाही," गुडघ्यांवर हात मारत म्हणाले. गाडीच्या परवान्याची मुदत कधीच संपलेली, म्हणजे न्यायची तर ट्रेलरवरूनच. मी खाली शिरले. गंज नाही! कुठ्ठेच नाही! ते चहा टाकायला आत गेले तेवढ्यात बॉनेट उचलून वितीनं जागा मोजली. बसतंय.

येतानाच बाबांना बजावलं होतं – इंजिनाबद्दल एक शब्द काढायचा नाही.

चहाबरोबर खजुराचे स्कोन. बाबांनी डोळे मिटून प्रार्थना केली, मगच खाल्लं. तिथेच घोळ झाला. कारण देवाचा माणूस दिसताच म्हातारा मला सोडून त्यांच्याकडे वळला.

"माझी एकच अट. हे इंजिन मी माझ्या हातांनी बांधलंय. काढणार असाल तर आत्ताच सांगा. चहा प्यायचा आणि निघायचं, राग नाही."

मी मनातल्या मनात गाडीला निरोप दिला.

बाबांनी कप खाली ठेवला. इथल्या जूनच्या थंडीत कपाळावर घाम!

"नाही काढणार," बाबा म्हणाले. "पोरगी जपेल त्याला."

एक नाही, दोन थापा. बाबा काही अर्धवट करत नाहीत.

विसार दिला. ट्रेलर पुढच्या शनिवारी.

१५ जून, रविवार

आज बाबांची प्रवचनाची पाळी. घसा बसलाय म्हणून कळवलं. मग भजनं मात्र खणखणीत म्हटली. आई विचारत होती, "यांना झालंय काय?" मी म्हटलं, थंडी. साथच आलीय खोटं बोलण्याची घरात.

१६ जून, सोमवार

शेवटी विचारलंच – का बोललात तसं?

बाबा बूट पुसत होते. मान वर केली नाही. "दर शनिवारी परतताना गाडीत तुझं तोंड बघतो. या खेपेला बघवणार नव्हतं."

मी चिडायच्या तयारीनं गेले होते. आता कुणावर चिडू?

१९ जून, गुरुवार

एवढी मनासारखी गाडी मिळाली. नाचायला हवं. डेपोत आज एका बसचं चाक दोनदा चुकीचं बसवलं.

२० जून, शुक्रवार

कामावरून थेट पुकेकोहे. दारातच सांगून टाकलं – इंजिन काढणार आहे, बाबा माझ्यासाठी खोटं बोलले, गाडी ठेवून घ्या.

म्हातारा हसायलाच लागला! "अगं, तासभर गाडीखाली लोळलीस, पण एकदा तरी म्हणालीस का, चालू करून दाखवा म्हणून? इंजिन हवं असलेला माणूस आधी ते ऐकतो."

"मग विसार घेतलात कशाला?"

"तुझ्याआधी चौघं आले. चौघांनीही हसत हसत शब्द दिला. घाम फक्त तुझ्या बाबांना फुटला. गाडी ने. माझं इंजिन तेवढं धक्का न लावता परत आणून दे."

परतताना रस्ता नीट दिसत नव्हता. पाऊस नव्हता.

२१ जून, शनिवार

निळी गाडी दारात. दोर सोडता सोडता बाबांना सगळं सांगितलं – काल गेले होते, खरं सांगून आले.

"हो का?" दोर गुंडाळत बाबा म्हणाले. "मी मंगळवारीच सांगून आलो. तुला कळू देऊ नका म्हटलं होतं त्यांना."

"मंगळवारी! मग आठवडाभर तोंड पाडून कशाला बसला होतात?"

"तू कधी जातेस, वाट बघत होतो."