खून कोणी केला ते तुला आधीच कळायचं

आमच्या धुणंवाल्या बाईस,

पत्र बघून दचकू नकोस, माझं डोकं ठिकाणावर आहे.

काल नात आपली ती जुनी खुनाची मालिका बघत होती. तीच, जी तू दर शुक्रवारी ओले हात पुसत दारात उभी राहून बघायचीस आणि अर्ध्यातच खुनी सांगून मोकळी व्हायचीस. आम्ही चाट पडायचो. म्हणूनच माझं कानातलं हरवलं तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला चोराचं मन बरं कळतं!" आणि तुला कामावरून काढलं.

नात म्हणाली, "आजी, हा इन्स्पेक्टर बावळट आहे का गं? रक्ताचा सदरा जिनं धुतला, तिला कोणी काही विचारतच नाही!"

वीस वर्षांपूर्वी मला मालिकेतली ती बाई दिसलीच नव्हती. तुला दिसली, कारण तूही डाग बघून ओळखायचीस कोण कुठे जाऊन आलं ते. आमच्या ह्यांचंही सांगितलं असतंस, मी विचारलं नाही ते बरंच.

कानातलं अजून सापडलेलं नाही. पण तुझ्याविरुद्ध पुरावा काय होता? तुझी हुशारी.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला वाचता येत नाही, म्हणजे माझी माफी तुझी सून वाचून दाखवणार. ते नको. आळ चारचौघांत घेतला, माफीही चारचौघांतच मागीन. रविवारी तुमच्याकडे सगळे घरी असतात म्हणे, तेव्हा येते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मला बाहेरूनसुद्धा मोठ्यानं बोलता येतं.

चौथ्या मजल्यावरची खडूस