फिलोमीना आत्यासाठी किनारा

विंडवर्ड, करिआकू

प्रिय फिलोमीना आत्या,

आपल्या बेटावर आराम करायला सगळ्यात चांगला किनारा कोणता? तू पत्रात विचारलेला हा पहिलाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, तीही पर्यटन या विषयातली, त्यामुळे हे लिहिताना मान खाली जाते आहे. तरी आधी रीतीप्रमाणे नमस्कार करते आणि खुशाली विचारते. हडर्सफील्डची थंडी आता ओसरली असेल. तुझ्या तब्येतीबद्दल तू एक अक्षरही लिहिलेलं नाहीस, त्याअर्थी ती ठणठणीत आहे असं मी धरून चालते. बाबा मालाच्या बोटीवर आहेत, कधी परततील ते बोटीलाच माहीत. आई बरी आहे, म्हणजे चिडलेली आहे. आजोबांचं मात्र कालपर्यंत बरं नव्हतं, आणि त्याला कारण तू होतीस. हे पत्र त्यासाठीच. (फोन केला असता, पण फोन आजोबांच्या खुर्चीशेजारी असतो आणि त्यांना हवं तेव्हा सगळं ऐकू येतं.)

सुरुवात सांगते. ऑगस्टमध्ये तू किनाऱ्यावर सुट्टी घालवायला येणार, घरी न राहता हॉटेलात उतरणार, हे वाचून मला अतिशय आनंद झाला. आपली माणसं जन्मभर दुसऱ्यांच्या सुट्टीसाठी चादरी बदलतात आणि मासे तळतात. आपल्यातलं कोणीतरी त्या आरामखुर्चीत पडणार, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. तुझ्या अटी मी नीट लक्षात ठेवल्या: खोलीला पायऱ्या नसाव्यात, पाणी उथळ असावं, दुपारी सावली असावी, दवाखाना फार लांब नसावा. इंग्लंडमध्ये राहिलं की माणूस किती बारकाईने विचार करायला लागतो, हे मी आईला कौतुकाने सांगितलं. आई म्हणाली, "पायऱ्या नकोत? विमानात काय दोरीने चढवणार आहेत तिला?"

मग मी किनारे बघायला निघाले. आधी लोकांचं मत घ्यावं म्हणून शेजारच्या कथबर्टला विचारलं. तो म्हणाला, जिथे होडीचं डांबर लवकर वाळतं तो चांगला. आई म्हणाली, जिथे मला काम नाही तो. पाण्याच्या इतक्या जवळ राहून आपल्यातलं कोणी तिथे नुसतं बसलेलंच नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. म्हणून मी स्वतःच प्रयोग करायचं ठरवलं. एक पुस्तक आणि टॉवेल घेऊन पश्चिमेकडच्या लांब किनाऱ्यावर गेले आणि बसले. थोड्याच वेळात जाळं ओढणारे दोघे येऊन विचारून गेले, की सगळं ठीक आहे ना. मग शाळेतल्या जुन्या बाई आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "पुरुष येतात आणि जातात, लॉरेटा." संध्याकाळ व्हायच्या आत आई धापा टाकत हजर. कोणीतरी तिला सांगितलं होतं, की तुझी मुलगी एकटीच समुद्राकडे बघत बसली आहे. "पुस्तक तरी सरळ धर," असं म्हणत तिने मला घरी नेलं. (पुस्तक सरळच होतं. वारा उलटा होता.) हा किनारा मी तुझ्यासाठी बाद केला. तिथे आराम करायला फार खुलासे करावे लागतात.

आता आजोबांचं. तू येणार हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते अंगणात रंध्याचं पातं लावत होते. त्यांनी पातं खाली ठेवलं आणि विचारलं, "फिलो येते आहे? कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही, ती सुट्टीला येते आहे. ते म्हणाले, "हां," आणि हातावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "म्हणजे मी."

आत्या, तू त्यांच्या जागी बसून बघ. इथून गेल्यापासून तू आलीस ती मोठ्या काकांच्या मातीला, मग आजीच्या मातीला, आणि मग आजीचा दगड थडग्यावर उभा केला त्या जेवणावळीला. इंग्लंडला गेलेलं माणूस ऑगस्टमध्ये पाण्यात डुंबायला येतं, असं विंडवर्डमध्ये कोणी पाहिलेलं नाही. आजोबांनी हिशोब मांडला, की डॉक्टरने त्यांच्याबद्दल काहीतरी आपल्याला सांगितलं, आपण ते तुला कळवलं, आणि आता सगळे मिळून त्यांच्यापासून लपवतो आहोत. मी डॉक्टरांची शपथ घेतली, माझ्या पदवीचीही घेतली. ते म्हणाले, "पोरी, तू चांगली आहेस. खोटं बोलायला तुला शिकवलं नाही, म्हणून जमत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाकस, रंधा आणि ती लांब करवत कथबर्टला देऊन टाकली. कथबर्ट डोळे पुसत आला आणि हत्यारं घेऊन गेला. लगेच परत येऊन त्याने विचारलं, "झेबेदी काका, धार लावायचा दगड त्यातच धरायचा, की तो नंतर?" मग आजोबांनी खाणं कमी केलं. तुरीच्या दाण्यांचं कालवण आणि मक्याच्या पिठाचं कू-कू समोर आलं, की ताट सरकवून म्हणायचे, "जाणाऱ्याला कशाला भरवता?" शनिवारी आईने मेलेल्यांसाठी टेबल मांडलं, तेव्हा आजीच्या ताटाशेजारी स्वतःचंही ताट लावायला सांगितलं. आई म्हणाली, "आधी मरा, मग वाढीन." ते दुखावले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. रात्री आईने गुपचूप ताट मांडलं. सकाळी त्यातला मासा नव्हता. (मांजर, असं आईचं मत. मी मत दिलेलं नाही.)

सगळ्यात वाईट झालं ते मोठ्या बेटावर, ग्रेनाडाला. तुझ्या विमानाची आणि पुढच्या बोटीची वेळ जुळते का, ते बघायला मी निघाले, तर आजोबा कोट घालून धक्क्यावर उभे. मला वाटलं, हवापालट हवा असेल. बोटीतून उतरल्यावर ते तडक रेडिओच्या कचेरीत गेले आणि मृत्यूच्या बातम्या घेणाऱ्या मुलीपुढे टोपी काढून बसले.

"काका, कोण वारलं?" तिने हळू आवाजात विचारलं.

"मी."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी सांगायला सुरुवात केली, की हा सगळा पर्यटनाबद्दलचा गैरसमज आहे. त्याने काही सोपं झालं नाही. ती म्हणाली, "काका, आम्ही आगाऊ घेत नाही. आधी दाखला लागतो." आजोबा उठेनात. ते म्हणाले, दाखला घेऊन माझी माणसं येतील, पण तेव्हा ती रडत असतील आणि चुका करतील. बायकोच्या वेळी तुम्ही रेडिओवर सगळ्या नातेवाइकांची नावं वाचलीत, पुतण्यांची वाचलीत, ब्रुकलिनच्या मेव्हण्याची वाचलीत, आणि हडर्सफील्डची फिलोमीना गाळलीत. ती तिकडे एकटी, नाव घेतलं नाही तर ती कोणाची हे लोकांना कसं कळणार? या वेळी तिचं नाव पहिलं. एवढं फक्त लक्षात ठेव, बाई.

ती मुलगी लक्षात ठेवीन म्हणाली. परतीच्या बोटीत आजोबा शांत झोपले. मी मात्र जागी होते. हसावं असं बरंच होतं, पण हसू येईना. माणूस मरायचं ठरवून बसला आणि जेवेनासा झाला, तर डॉक्टर तरी काय करणार? ऑगस्टपर्यंत असंच चाललं, तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल आणि तुझ्या सुट्टीची माती होईल.

शेवटी काल मी विचार केला, की भावनेने होत नाही ते पुराव्याने करावं. तुझं पत्र घेऊन त्यांच्या पलंगाशी बसले आणि शब्दन् शब्द वाचून दाखवलं. म्हटलं, "ऐका, मातीला येणारं माणूस असं लिहितं का? हॉटेल पाहिजे. पायऱ्या नकोत. सावली पाहिजे. उथळ पाणी पाहिजे, जिथे हळूहळू उतरता येईल." आजोबांनी मान वळवली.

"उथळ?" ते म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं. ते उठून बसले. त्यांनी दवाखान्याचं वाक्यही पुन्हा वाचून घेतलं. मग आईला हाक मारली आणि जेवायला मागितलं. भरपूर जेवले. जेवून कथबर्टकडे गेले आणि हत्यारं परत मागितली. कथबर्ट म्हणाला, "काका, हे काही बरोबर नाही हां, मी रंध्याला नवी मूठ बसवली." आजोबा म्हणाले, "मूठ चांगली आहे," आणि रंधा उचलून आणला.

आत्या, पुराव्यावर माझा विश्वास होताच, आता तो दुप्पट झाला आहे. आजोबा बरे आहेत. तुझ्यासाठी दक्षिणेकडच्या छोट्या हॉटेलात तळमजल्यावरची खोली मी धरली आहे. समोर पाणी गुडघाभर आहे आणि दवाखाना वळणापलीकडे. निर्धास्त ये आणि कोणाला काही खुलासा करू नकोस.

तुझी लाडकी भाची,
लॉरेटा

ता. क. येताना मोठी कडा असलेली टोपी आण. इथे मिळतात त्या पर्यटकांसाठी असतात.

आणखी ता. क. वारा जोरात आहे, बोट सुटलेली नाही, म्हणून हे पत्र अजून माझ्याकडेच आहे. वर लिहिलेलं खोडावं असं मनात आलं, पण राहू देते.

आजोबा रोज पहाटेपासून ठोकाठोक करत आहेत. घराखाली त्यांनी पांढऱ्या सीडरच्या ज्या फळ्या जपून ठेवल्या होत्या, त्या तुला आठवत असतील. स्वतःच्या शवपेटीसाठी राखलेल्या, कोणाला हात लावू न दिलेल्या. त्या त्यांनी बाहेर काढल्या. मागच्या दारापासून वाळूपर्यंत उतरता फळीचा रस्ता केला, पायरी एकही नाही. तिथून पुढे पाण्यात खांब रोवले आणि धरायला कठडा बसवला, कमरेइतक्या पाण्यापर्यंत. कठड्याच्या टोकाला बसायला बाकही ठोकला, लाटेने हलणार नाही असा. कथबर्ट खांब धरायला उभा होता. तो म्हणाला, "काका, पेटीचं काय मग?" आजोबा म्हणाले, "पेटी कोणीही ठोकेल."

मी त्यांना विचारलं, की हे सगळं कशासाठी. ते कठड्यावरून हात फिरवून कुसळं बघत होते. म्हणाले, "सात वर्षांची असताना तिने डोलकाठीवरून खोल पाण्यात उडी मारली होती. तिच्या आईने मारलं, तरी दुसऱ्या दिवशी परत मारली. ती उथळ पाणी मागते?" मग म्हणाले, "मला वाटलं, ती माझ्यासाठी येते आहे. तसं असतं तर बरं होतं."

मी घरात जाऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचताना ज्या गोष्टींचं मी कौतुक केलं होतं, त्या सगळ्या तिथेच होत्या.

काय झालं आहे, हे मी विचारत नाही. तुला वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नुसती बाकावर बैस. आजोबा रोज पहाटे तुला पाण्यात नेणार आहेत. आई म्हणाली, "तिला लिही, ऑगस्ट कशाला, आत्ताच ये म्हणावं." आणि आत जाऊन भांडी आपटत बसली. आमचं मागणं असेल तर एवढंच आहे.

पुढच्या खोलीतला खिडकीजवळचा पलंग तुझ्यासाठी लावला आहे. हॉटेलची खोली मी काल जाऊन रद्द करून आले.