पेटीत ठेवलेले तीन पत्ते

४ सप्टेंबर, गुरुवार

आज नवऱ्याचे सात शब्द. सकाळी "हो", "मीठ", "जातो". संध्याकाळी "आलो", "वाढ", "झालं", "बस". मोजले मी! दुसरं काम काय आहे?

मे महिन्यात लग्न होऊन केशोरीहून इथे फुलचूरला आले. भाड्याच्या दोन खोल्या. वीरेंद्र राईस मिलमध्ये मशीनवर असतो. (तोंडाने "अहो" म्हणते, इथे नाव लिहिते. कोण पाहून राहिलं?) घरी आला की जेवतो आणि ते हाताएवढं गेमचं यंत्र घेऊन पलंगावर बसतो. टिकटिक, टिकटिक. मी बाजूला बसलेली आहे हे त्याच्या ध्यानातही नसतं.

लग्न ठरवताना बाबा म्हणाले होते, "पोरगा शांत हाय. दारू नाही, खर्रा नाही." शांत! बाबा, भिंतही शांतच असते.

९ सप्टेंबर, मंगळवार

मेसेज मात्र हे एवढे लांब. "गॅस संपत आला असेल तर सांग, येताना नंबर लावून येतो. भाजीला काटवलं आणू का? परवा तुला आवडली होती." हे सगळं लिहिणारा माणूस दारातून आत येतो आणि मूग गिळून बसतो. काऊन? मी आवडली नाही तर सरळ सांग ना! पाहायला आला होता तेव्हाच सांगायचं होतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

ठरलं. दिवाळीनंतर केशोरीची मंडई, आमची गावजत्रा, भरेल, तेव्हा सेवकरामदादा मला न्यायला येईल. मंडई पाहायची, पाहुण्यांना जेवू घालायचं आणि इकडे परत यायचं नाही. माय रडेल. रडू दे. कोणालाच सांगितलं नाही, फक्त इथे लिहून ठेवते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तो कामावर गेल्यावर ते यंत्र उघडलं. म्हटलं, सवतीचं तोंड तरी पाहावं!

जपानी कार्टूनवरून काढलेला खेळ आहे. ते कार्टून हिंदीत लागायचं, दादाही पाहायचा, म्हणून ओळखलं. वीरेंद्रकडे या खेळाचे पाचही भाग आहेत, पावडरच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवलेले. काट्यासारख्या केसांचा एक पोट्टा, त्याच्याजवळ चाळीस पत्ते. समोरच्याजवळही चाळीस. पत्त्यातून राक्षस निघतात, वाघ निघतात, पाण्यातल्या बाया निघतात आणि मारामारी करतात. दोनदा खेळले. दोनदा हरले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अकरा वेळा हरून बाराव्यांदा जिंकले! एकटीच टाळ्या वाजवत बसले. मग एकदम रडू आलं. सांगू कोणाला? शेजारची दामिनीभाभी "क्या हुआ?" करत दारात आली. म्हटलं, "कुछ नहीं भाभी, प्याज."

२४ सप्टेंबर, बुधवार

रोज दुपारी खेळते. पत्ते त्यानेच जमवलेले, त्यावरून तो थोडाथोडा समजून राहिला. पहिल्या चालीत कधी मारत नाही. मार खातो, थांबतो, मग एकदम उठतो. असा माणूस वाईट नसावा. पण मग माझ्याशी का बोलत नाही?

२७ सप्टेंबर, शनिवार

आज हरले तर समोरच्याने माझा एक पत्ताच उचलून नेला! या पुढच्या फेरीपासून हरलं की एक द्यावा लागतो म्हणे. नशीब, साधाच होता. त्याचे वाघांचे तीन सोनेरी पत्ते, सगळ्यात ताकदीचे, ते गेले असते तर?

खेळात एक पेटी आहे, न वापरलेले पत्ते ठेवायला. तिन्ही सोनेरी पत्ते पेटीत टाकले आणि त्यांच्या जागी तीन साधे घातले. बाबा धान कापायच्या आधीच बांधीचा सगळ्यात भरलेला कोपरा बाजूला ठेवतात, बिजाईसाठी, पुढच्या वर्षीच्या बियाण्याला. मग तो दाणा साठवणीच्या ढोलीत. पाहुणा आला तरी त्याला हात लावायचा नाही. चांगलं ते आधी ठेवायचं, उरलं ते वापरायचं. एवढ्या वर्षांत या माणसाला हे सुचू नये! चांगलं काम केलं मी.

२८ सप्टेंबर, रविवार

कसलं चांगलं काम! सगळा घोळ झाला.

कामठ्याचा भुपेंद्र आला होता, याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याजवळही असंच यंत्र. दोन यंत्रांच्या मधात वायर लावून बसले. भुपेंद्र एकटाच दोघांचं बोलतो. वीरेंद्रने तोंड उघडलं की पुढचं हाच बोलून मोकळा.

वीरेंद्र हरला. भुपेंद्र ओरडला, "काय बे, तुहे वाघ कुठी गेले?" आणि वीरेंद्रचा आवडता पाण्यातल्या बाईचा पत्ता जिंकून घेतला. वीरेंद्रने पेटी उघडली. तिन्ही वाघ तिथे. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कप उचलले आणि आत पळाले.

भुपेंद्र गेला. हा अजून एक शब्द बोलला नाही. मी इथे स्वयंपाकघरात बसून लिहून राहिले. तो उठला वाटते—

२९ सप्टेंबर, सोमवार

काल तो आत आला तेव्हा मीच सांगून टाकलं. "मी ठेवले. बिजाई होती ते. लढाईत घालते का कोणी?"

तो हसला! मग काही सांगायला गेला आणि ओठ मिटले ते उघडेचनात. मान वाकडी झाली, डोळे घट्ट मिटले. मला वाटलं फिट आली! पाणी घेऊन धावले. त्याने हातानेच थांबवलं. "प... प... पु..." कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. शेवटी निघालं. पुष्पांजली. घामाने भिजला होता. आजपर्यंत त्याने माझं नाव घेतलंच नव्हतं!

लहानपणापासून अडखळतो. वर्गात पोरं नक्कल करायची. लग्न ठरताना त्याची आई म्हणाली, "तोंड बंद ठेव, शांत हाय म्हणून सांगते." पुढे रोज उद्या सांगू, उद्या सांगू करत चार महिने गेले. कळलं की मी माहेरी निघून जाईन, हीच भीती.

हे सांगायला अर्धा तास लागला. मधात दोनदा मी त्याचं वाक्य पुरं करायला गेले. दोन्ही वेळा चुकले!

राग आला मला. फसवलंच ना? सासूला तर मी विचारणारच आहे. पण चार महिने जे वाटत होतं, माझ्यातच काही खोट आहे, ते काल गेलं. पोटभर रडले. तो बाजूला बसून होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

दादाचा फोन. कधी येऊ न्यायला? म्हटलं, "तू येऊ नको. मंडईले आमी दोघं येतो. अन् घरी सर्वायले सांगून ठेव, हे बोलून राहिले तर मधात कोणी बोलाचं नाही. लय वेळ लागला तरी."