ध्रुवाची रंगीत तालीम

४ ऑक्टोबर
ठरलं. जानेवारीत आम्ही दोघं उत्तर ध्रुवाजवळ जाणार. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही, आकाशात हिरवे पडदे हलतात. लोक काळोखाला घाबरतात म्हणून सहल स्वस्त. आपल्याला काय, देव काळोखातही असतोच.
यांना थंडीचा त्रास होणं शक्य नाही. उभा जन्म कोल्ड स्टोरेजमध्ये फ्रोझन मटार आणि मासे सांभाळण्यात गेला. या महिनाअखेर रिटायर होतात. माणसाला त्याच्या सवयीच्या हवेतच न्यावं. मॅट्रिकला भूगोलात मी पहिली होते, ते उगाच नाही. सध्या सांगायचं नाही. सरप्राइज.

१ नोव्हेंबर
काल शेवटची ड्यूटी. घरी आले ते थेट मागच्या अंगणात, उन्हात खुर्ची टाकून बसले. म्हणाले, आता इथून हलणार नाही. मी मनात हसले. हलाल, हलाल.
जेवताना तिकिटं पानाशेजारी ठेवली. आनंदाने यांनी हातातला घास पानात परत ठेवला. मग विचारलं, परत करता येतात का? किती काटकसरी! माझ्याच हाताखाली तयार झालेत.

९ नोव्हेंबर
सहलवाल्याने कपड्यांचा हिशेब सांगितला. कोट, बूट, आतले थर, बाहेरचे थर. तेवढ्या पैशांत एक फ्रिज येईल. म्हणाला, "काकू, तिथे उणे तीस असतं." म्हटलं, आमचे हे उणे वीसमध्ये पगार मिळवत होते, आणखी दहाने काय बिघडतंय? त्याने यादी मिटली. पटलं असणार.
निश्चय : कपडे नाही, अंग तयार करायचं. उद्यापासून दोघांनाही आंघोळीला गार पाणी. गॅसही वाचेल.

१० नोव्हेंबर
मला जरा सर्दी. माझं सोमवारपासून. यांचं आजपासून.

२२ नोव्हेंबर
हे दुपारभर गायब असतात. आज कळलं, कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे जाऊन भट्टीला पाठ लावून बसतात. सहलीच्या गप्पा मारत असतील. पाववाल्याने मला रस्त्यात गाठलं. "वहिनी, साहेबांची बोटं बघितलीत का? खडूसारखी पांढरी पडतात." न बघायला काय झालं? कित्येक वर्षं पडतात. थंडी मुरल्याची खूण ती. पाववाल्याला उष्णतेपलीकडे काय कळणार!
थोरलीचा फोन. "आई, बाबांना विचारलंस तरी का?" सरप्राइज कोणी विचारून देतं का? आजकालच्या मुलींना एवढंही समजत नाही.
माझं गार पाणी : सर्दी अजून आहे.

३ डिसेंबर
थंडी पडली. देवाची कृपा, शिवाय फुकट. उत्तरेकडची अडगळीची खोली रिकामी केली, खिडकी सताड उघडली. ठरलं असं की रोज सकाळी माझा जप होईपर्यंत यांनी तिथे बसायचं.
यांनी खुर्ची टाकली ती नेमकी उंबऱ्यावर. एक पाय आत, एक बाहेर. म्हटलं, ध्रुवावर उंबरा नसतो. दार लोटलं की उठून उघडतात. जुनी खोड. बाथरूमचंसुद्धा लावत नाहीत, पाहुण्यांसमोर मान खाली घालायची वेळ येते. झोपतानाही दार उघडं हवं. वारा लागतो म्हणावं तर अंगावर दोन-दोन ब्लँकेटं. या माणसाचा ताळा जमत नाही.

८ डिसेंबर
जेवण कमी झालंय. बोलणंही. दोन्हीकडून बचत. रात्री झोपेत बोलतात, पण त्याला खर्च नाही.

११ डिसेंबर, सकाळ
आज उपाय केला. हे आत वळल्याबरोबर दार ओढून बाहेरून कडी घातली. म्हटलं, माळ संपली की उघडते, कच खाऊ नका. जपाला बसले. जपात मी कोणाला ओ देत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.
दार वाजायला लागलं. हातपाय आपटून अंगात ऊब आणायची, असं मीच शिकवलं होतं. बरं वाटलं. पुष्कळ जोरात वाजत होतं. मग थांबलं. थंडी अंगवळणी पडली म्हणायची. माळ पूर्ण केली, एक मणी सोडला नाही.

११ डिसेंबर, दुपार
सकाळचं पुरं लिहिलं नाही, ते लिहिते.
कडी काढली तेव्हा हे कोपऱ्यात होते. गुडघे पोटाशी. दाराला नखांचे ओरखडे आणि रक्त. मला ओळखलं नाही. शेजारच्या रिकाम्या जागेला हलवत होते. "झोपू नकोस रे बारक्या. बोल माझ्याशी. झोपू नकोस."
चहा दिला. घेतला नाही. जरा दचकले असतील. संध्याकाळपर्यंत ठीक होतील.

१२ डिसेंबर
हे पहाटेच बहिणीकडे गेले. बदल म्हणून बरा.
दुपारी वन्संचा फोन. "वहिनी, तू कडी घातलीस?" म्हटलं, तालीम होती. वन्सं फोन घेऊन बाहेर अंगणात गेल्या. मग बोलल्या. बारक्या म्हणजे यांचा पाळीतला जोडीदार. तो बऱ्याच वर्षांपूर्वी कोल्ड स्टोरेजमध्ये अडकून, गारठून गेला हे मला माहीत होतं. त्या रात्री आपण पाळीला नव्हतो, असं यांनी सांगितलं होतं. होते. दाराचा खटका बिघडला, दोघंही आत राहिले. सकाळी दार उघडलं तेव्हा एकटे हेच चालत बाहेर आले.
"तुला का सांगितलं नाही विचारतेस? तू म्हणाली असतीस, नोकरी सोडू नका." मी तसं म्हटलं नसतं.
म्हटलं असतं.

१५ डिसेंबर
भाजी आणायला निघाले होते, कोल्ड स्टोरेज वाटेतच लागतं. (दोन बस बदलून.) वॉचमनने ओळखलं. म्हटलं, साहेब काम करत ती खोली बघायची आहे. तो आत घेऊन गेला. म्हटलं, दार लाव. "कशाला बाई?" म्हटलं, लाव.
लावलं.
आवाज बंद झाला. बाहेरचा सगळाच. नाकातला ओलावा टणक झाला. म्हटलं, जप करू, वेळ जाईल. रोजचा जप, लहानपणापासूनचा. सुरुवातच आठवेना. दाराला हात लावला तर कातडी चिकटली. मग मी ओरडले. कोणाचं नाव घेऊन ओरडले, ते देवाला ऐकू आलं असेल तर तो समजून घेईल. देवाचं नव्हतं.
वॉचमन म्हणाला, "बाई, मी हँडलवरचा हातसुद्धा काढला नव्हता."
घरी येऊन वन्संकडे फोन लावला. हे बोलायला आले. म्हटलं, मी आत जाऊन आले. हे म्हणाले, "एकटी? अगं वेडे, कोट तरी घातला होतास का?" नव्हता. मग सावकाश सांगायला लागले, त्या रात्री दोघं काय बोलत होते, आणि बारक्या बोलायचा थांबला त्यानंतर हे एकटेच काय बोलत राहिले. शेवटपर्यंत सांगितलं. मी ओ देत होते.
ते इथे लिहीत नाही.
उद्या तिकिटं रद्द करते. कापून घेतील ते घेऊ देत.