काळ्या डोंगराचा कार्बन

१२ जाने.
डोंगरातल्या गावातून कमलाजींचा फोन. गहू पिवळा पडलाय. ‘‘मैडम, आपके कार्ड पे लिखा था मिट्टी में कार्बन बहुत है, गोबर कम चलेगा। हमने सारा गोबर बाग़वालों को दे दिया।’’ माती-तपासणीच्या कार्डावरचा तो सल्ला मीच लिहिला होता. 

१३ जाने.
त्यांच्या शेताचा उरलेला नमुना काढला. चाळलेल्या मातीतही काळे चपटे कण. चोळले तर कागदावर पेन्सिलीसारखी रेघ. शेताच्या वरचा अख्खा डोंगर काळ्या, कार्बन भरलेल्या शेल खडकाचा आहे, स्वतः पाहिलाय मी! आपलं मशीन माती जाळून कार्बन मोजतं. तो कुजलेल्या पाल्याचा की खडकातला, हे त्याला काय कळणार? मला कळायला हवं होतं.
त्या कार्बनचं वय काढायला नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

२ फेब्रु.
रिपोर्ट आला. बहुतेक कार्बन इतका जुना की वय मोजताच येत नाही. म्हणजे खडकाचाच. पिकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. 
आमचे प्रमुख सक्सेना सर, त्यांना दाखवला. ‘‘कार्बन तो कार्बन है यार. नंबर सही है ना?’’ नंबर बरोबरच आहे, तीच तर भीती. पुढच्या आठवड्यात हाच सल्ला सगळ्या जिल्ह्याला जाणार.

३ फेब्रु.
अभि म्हणतो, ‘‘आत्ता बोलू नकोस. तुझं काँट्रॅक्ट रिन्यू होऊ दे, मग बघू.’’ गाझियाबादच्या फ्लॅटचे हप्ते, इराची शाळा... खरंय सगळं. नवऱ्याचा राग आला. पण ऐकून बरंही वाटलं, आणि मग स्वतःचीच चीड आली.

५ फेब्रु.
सरांच्या केबिनपर्यंत गेले. परत आले. भित्री कुठली!

६ फेब्रु., शुक्र.
लंचमध्ये गच्चीवर जाऊन कमलाजींना फोन केला. एका दमात सांगून टाकलं, कार्ड ग़लत है, गोबर मत दीजिए किसी को, अब जितना मिले खेत में डालिए.
त्यांनी विचारलं, ‘‘ये आप कह रही हैं या दफ़्तर? मुझे पूरे गाँव को बताना है।’’
 खाली व्हरांड्यात सर कुणाशी तरी हसत बोलत होते.
‘‘दफ़्तर,’’ मी म्हणाले.
 सोमवारी सरांना सांगायचंच. त्याआधी गावातून कुणी ऑफिसला फोन लावला तर माझं खोटं उघडं पडेल.